आमची वाटचाल: पंपसेटपासून होडीच्या इंजिनापर्यंत

आमचं वर्कशॉप भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. टिनाचं शेड, पुढे कडुनिंब. बाबांनी सुरू केलं तेव्हा काम एकच होतं, शेतकऱ्यांचे आइल इंजन. आधी राजकोटचे ते मोठ्या चाकाचे लिस्टर टाइप, साडेचार इंच बोअर, साडेपाच इंच स्ट्रोक, मिनिटाला ६५० चक्कर, आणि मग किर्लोस्करचे पाच हॉर्सपॉवरवाले १५०० आरपीएमचे, ज्यांचा ८० एमएमचा पिस्टन मी शाळेत असतानाच डोळे मिटून ओळखायचो. रोवणीच्या टायमाला पंपसेट, दिवाळीनंतर धान चुरायच्या मशीनचे इंजन, आणि मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की नाटकवाल्यांचे जनरेटर. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालते, मधात लाइट गेली तर हजार लोकं बसलेले असतात, त्यामुळे रात्री दोन वाजता टूलबॉक्स घेऊन मंडपाच्या मागे पोहोचणे हे आमचं नेहमीचं काम होतं.

मग काम कमी कमी होत गेलं. आधी विजेच्या मोटारी आल्या, त्यानंतर सोलर पंप आले, २०२४ पासून तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ म्हणून योजनाच आली. शेतकऱ्यासाठी चांगलंच आहे ते, डिझेलचा खर्च वाचला, पण आमच्याकडे महिना महिना एक इंजन यायचं नाही. मी बाबांना म्हटलं आपण मोटरसायकलचं काम सुरू करू. ते काही बोलले नाही, पण त्यांना आवडलं नाही हे मला दिसलं.

त्याच उन्हाळ्यात मच्छीमार सोसायटीचे चार जण आले. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये त्यांचे डोंगे चालतात. १९८८ मध्ये धरणाची पायाभरणी झाली, नंतर वैनगंगेचं पाणी थांबलं, गावं उठली, आणि नदीत जाळं टाकणाऱ्या ढिवर समाजाला एकदम समुद्रासारखं पाणी पुढे आलं. वल्ह्याच्या डोंग्यानं ते अंतर होत नाही, म्हणून सगळ्या डोंग्यांची मासोळी गोळा करून काठावर आणायला सोसायटीनं एक मोठी लाकडी होडी घेतली होती, कोकणातून, सेकंडहँड, वरून फायबर मारलेली, आत दोन सिलेंडरचं डिझेल इंजन. दोन वर्षं चालली, मग बंद पडली ती सहा वर्षं मोहाच्या झाडाखाली उभीच. त्यांच्यातले म्हातारे काकाजी म्हणाले, “भाऊ, भंगारवाला किलोनं मागते, तुमी एकदा पाहून तं घ्या.”

पाहायला गेलो. नेमप्लेट गायब, स्टार्टरच्या रिंगचे तीन दात तुटलेले, म्हणजे आधी कोणीतरी जबरदस्तीनं फिरवून पाहिलेलं होतं. डिझेल टाकी उघडली तर तळाला पाणी आणि वरती काळा चिकट सायीसारखा थर. इंजन फ्लायव्हीलवर जरा पण हलत नव्हतं. मी सोबत सहा फुटाचा पाइप नेला होता, लावणारच होतो, बाबांनी हात धरला. “त्याले घाई नोको करू. आधी हेड खोल, अंदर काय आहे ते पाय.”

इंजन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून आणलं, हेड काढलं. पहिला सिलेंडर जवळपास साफ, दुसऱ्यात गंज, पिस्टनच्या डोक्यावर लाल चिखलच जमलेला. एकाच सिलेंडरमध्ये का, हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले. होडीच्या इंजिनात बाहेरचं पाणी पंपानं ओढून ब्लॉकमधून फिरवतात आणि तेच पाणी शेवटी सायलेन्सरच्या बेंडमध्ये धुरासोबत बाहेर सोडतात. आधी हे इंजन समुद्रात चाललेलं, खाऱ्या पाण्यानं तो बेंड आतून खाल्लेला होता, बाहेरून एकदम चांगला दिसत होता. इंजन बंद पडलं तेव्हा दुसऱ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार, त्यातून पाणी उलटं आत गेलं आणि तिथंच बसलं. म्हणजे इंजन चालून चालून खराब झालं नव्हतं, उभं राहून खराब झालं होतं, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्की बसली आहे.

दुसऱ्या सिलेंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल अर्धं अर्धं मिसळून भरलं. रोज सकाळी भरायचं, संध्याकाळी फ्लायव्हीलला सब्बल लावून थोडा जोर या बाजूनं, थोडा त्या बाजूनं, बस. मे महिना, शेडमध्ये टिनाखाली उभं राहवत नव्हतं, आणि मला रोज वाटायचं की हातोडी घ्यावी. नवव्या दिवशी फ्लायव्हीलवरची खडूची रेघ एक सूत सरकली. मी बाबांना आवाज दिला, ते जेवत होते, उष्ट्या हातानंच उठून आले. मग परत मागे, परत पुढे, दोन दिवसांनी पिस्टन बाहेर आला, रिंगा खाचेतच तुटल्या पण क्रँक आणि ब्लॉक वाचले. जोर मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

पुढचं काम मापाचं होतं. नेमप्लेट नाही म्हणजे मॉडेल नाही, मॉडेल नाही म्हणजे कॅटलॉगमधून पार्ट नाही. तोपर्यंत आमची पद्धत अशी की बोटानं पाहायचं, ढिलं वाटलं की नवीन टाकायचं. या इंजिनासाठी मी पहिल्यांदा बोअर गेज आणि मायक्रोमीटर स्वतःचे घेतले, एक रजिस्टर केलं, प्रत्येक माप वरती, मधात, खाली, आडवं, उभं असं लिहिलं. त्या मापावर नागपूरला लायनर, म्हणजे सिलेंडरच्या आतली नळी, टर्न करून आणला, क्रँक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड केला, पिस्टन दुसऱ्या एका इंजनचे जुळले, फक्त गजनपिनचा, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचा, बुश बदलावा लागला. रिंगचा गॅप लायनरमध्ये रिंग सरळ बसवून फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, पाहायचा आणि कमी असला तर कानशीनं घासायचा, हे माहीत सगळ्यांना असते पण करत कोणी नाही, मीपण करत नव्हतो.

ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा मात्र पूर्ण बुजलेल्या, अर्धा समुद्राचा क्षार आणि अर्धी वैनगंगेची माती. तारेनं जेवढं निघालं तेवढं काढलं, बाकी किराण्यातलं लिंबूसत गरम पाण्यात टाकून रात्रभर फिरवलं, सकाळी खायच्या सोड्यानं धुतलं. तीन वेळा केलं तेव्हा पाणी एकीकडून दुसरीकडे सरळ निघालं. बेंड नवीन बनवून घेतला आणि आता तो पाण्याच्या पातळीच्या बराच वर घेतला.

पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी सोसायटीचे सगळे आले होते. आधी फिल्टरची हवा काढली, मग पंपाची, शेवटी नोजलच्या नळीचे नट ढिले करून. आधी पांढरा धूर, मग थोडा निळा, पाचेक मिनिटांत साफ. ऑइलचं प्रेशर तीन किलोवर थांबलं. काकाजी इंजनच्या हेडवर हात ठेवून उभे होते, काढतच नव्हते.

आणि मग माझी चूक. इंजन होडीत बसवलं, पाण्यातल्या पंख्याच्या शाफ्टची लाइन जमिनीवरच पाहून बोल्ट कसले. इंजन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये चारही बाजूंनी फीलर घालून पाहतात, तोंडाच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊपेक्षा जास्त फरक नको. जमिनीवर तीन थाऊ आला, आमच्या कपलिंगला तेवढा चालत होता, मी खुश. पाण्यात सोडली, दुसऱ्या दिवशी होडी थरथरायला लागली, ग्लँड, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर निघतो तिथं पाणी अडवणारी जागा, हात लावू देईना इतकी गरम. लाकडी होडी पाण्यात गेली की तिचा आकार थोडा बदलतो, वजन वेगळ्या जागी येते, तिथं माप चौदा थाऊ निघालं. मग होडी दोन दिवस पाण्यातच उभी ठेवली, काठाला बांधून परत पट्ट्या टाकून लाइन केली, ग्लँडची दोरी नवीन भरली आणि चालताना थोड्या थोड्या वेळानं एक थेंब पडेल एवढीच कसली, कारण तो थेंबच शाफ्टला थंड ठेवतो. ते पैसे मी सोसायटीकडून घेतले नाही.

आणखी एक अडचण आमच्या पाण्याची. नाग नदीचं घाण पाणी कन्हानमधून वैनगंगेत येते, त्यानं बॅकवॉटरला जलपर्णी वाढते आणि तिच्या मुळ्या पाणी ओढायच्या तोंडावर येऊन बसतात. पाणी बंद झालं की पंपातला रबराचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, मिनिटाभरात जळतो. म्हणून एकाच्या जागी दोन जाळ्या टाकल्या, मधात कॉक, एक साफ करताना दुसरी चालू. हे कोकणातल्या होडीत नव्हतं, आपल्या इकडे लागते.

मी वीस दिवस सांगितले होते, लागले तीन महिने. सोसायटीनं मासोळीच्या सिझनमध्ये हप्त्यानं पैसे दिले, एक हप्ता चुकला नाही. त्यानंतर दुसऱ्या तलावांचे लोकं आले, एक दोन फिरायच्या बोटींचे इंजन आले, मोटरसायकलचा विषय घरात परत निघाला नाही. आता वर्षातून एक काम आम्ही स्वतःहून जाऊन करतो. होडी उभी करायच्या आधी जुनं ऑइल काढून नवीन टाकतो, ब्लॉकचं पाणी पूर्ण सोडतो, इम्पेलर काढून ठेवतो, टाकी काठोकाठ डिझेलनं भरतो म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही, सायलेन्सरच्या तोंडात लाकडी बुच ठोकतो. आणि सोसायटीच्या एका पोराला पंधरा दिवसांतून एकदा इंजन हातानं दोन चक्कर फिरवायला सांगतो, तारीख लिहून सही करायला लावतो.

बाबा आता कमी येतात, पण रजिस्टर रोज वाचतात. सध्या स्टँडवर एक सिंगल सिलेंडर आहे, तेपण होडीचंच, पाच वर्षं गोठ्यात पडलेलं. आज सहावा दिवस, खडूची रेघ अजून सरकली नाही. सब्बल बाजूलाच ठेवली आहे, संध्याकाळी परत पाहतो.