धोरण बदललं की तुम्ही काय करता?

विद्यार्थी विचारतात, इतर क्षेत्रांतले मित्र विचारतात, परिसंवादात शेवटी हमखास कुणीतरी हात वर करून विचारतं: सरकारचं धोरण बदललं की तुम्ही लँडस्केप आर्किटेक्ट काय करता? विरोध करता, की मुकाट्याने नवा आराखडा काढून देता? विचारणाऱ्याच्या सुरातच निकाल असतो. विरोध केला तर तुम्हाला व्यवहार कळत नाही, आणि नाही केला तर तुम्हाला कणा नाही. आजवर दोन वाक्यं बोलून मी सुटका करून घेत आले. पण तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगते.

इमारतीचं काम नियम बदलायच्या आत पुरं होऊ शकतं. आमचं, म्हणजे मोकळ्या जमिनीची, पाण्याची, झाडांची आखणी करणाऱ्यांचं, होत नाही. लावलेल्या झाडाची सावली पडेपर्यंत दोन-तीन सरकारं येऊन जातात. इंग्लंडचंच बघा. 12 फेब्रुवारी 2024 पासून तिथे मोठ्या बांधकाम प्रकल्पांना जैवविविधतेत आधीपेक्षा किमान 10 टक्के निव्वळ वाढ दाखवणं सक्तीचं झालं, 2 एप्रिलपासून लहान प्रकल्पांनाही. शिवाय ही वाढ 30 वर्षं टिकवायची. पुढच्याच वर्षी, लहान प्रकल्पांसाठी ही अट सैल करावी का, यावर सरकारने लोकांची मतं मागवली. तीस वर्षांचं बंधन घालणारा नियम स्वतः दीड वर्षही निश्चिंत राहिला नाही. त्याच्या भरवशावर ज्यांनी माणसं नेमली असतील, रोपवाटिकांना मागण्या दिल्या असतील, त्यांना ‘जुळवून घ्या’ म्हणणं फार सोपं आहे.

माझं म्हणाल, तर एका कामाबद्दल बोलल्याशिवाय मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

एका संस्थेचं मोठं आवार होतं. तेव्हाचा नियम असा, की आवारात पडलेलं पावसाचं पाणी आधी आवारातच थोपवायचं, मग हळूहळू बाहेर सोडायचं. जमिनीचा सगळा उतार एका कोपऱ्याकडे होता, आणि त्या कोपऱ्यातल्या कुंपणाच्या भिंतीला लागूनच पलीकडे बैठ्या घरांची रांग. तिथे आम्ही उथळ, पसरट खळगा आखला. पार्किंगच्या कडेचे कर्ब, म्हणजे उंच कठडे, जागोजागी कापून पाणी गवताच्या चरांमध्ये घ्यायचं आणि चरांतून खळग्यात आणायचं. काठाला चार-सहा दिवस मुळं पाण्यात राहिली तरी तग धरतील अशी झाडं. खोदाई झाली होती. वरची सुपीक माती वेगळी काढून, झाकून ठेवली होती. तिच्यावरून गाडी जाऊ द्यायची नाही, असं मी कंत्राटदाराला बजावलं होतं.

तेवढ्यात परिपत्रक आलं. ज्यांना पाणी थोपवणं शक्य नाही, त्यांनी शुल्क भरलं तरी चालेल.

बैठकीत संस्थेच्या अभियंत्याने ते माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाला, “मॅडम, आता या खड्ड्याची गरज उरली नाही.” शुल्कापेक्षा त्या कोपऱ्यात बसणाऱ्या गाड्यांची किंमत त्यांच्या हिशेबात जास्त होती. मी म्हटलं, नियम गेला, उतार कुठे गेलाय? तो म्हणाला, “उतार भरून काढू.” मग पाणी कुठे जाईल? “रस्त्याखालच्या पाइपात.” तो पाइप आत्ताच तुडुंब वाहतो, हे मला ठाऊक होतं. मी नकाशा उलगडला. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा, पाणी किती वेगाने मुरतं हे पाहायला खड्डे खणून घेतलेल्या पाझर चाचण्या, आणि काम सुरू व्हायच्या आधी भिंतीवर दिसलेली पाण्याची रेघ, तिची उंची जमिनीपासून मोजून लिहिलेली. खजिनदारांनी तो कागद बराच वेळ पाहिला. एवढ्या चर्चेत थांबून, नीट वाचलेला तो एकच कागद.

निकाल लागला तो असा: अर्धा खळगा राहिला. बाकीच्या अर्ध्यावर पार्किंग झालं, आणि त्याच्या भरावाला आम्ही जपून ठेवलेली मातीच वापरली. तिच्यावर रोलर फिरताना मी तिथे उभी होते. माती एकदा तशी दाबली गेली की तिच्यातली हवेची पोकळी जाते, पाणी मुरत नाही, मुळं शिरत नाहीत. ती पुन्हा जिवंत व्हायला किती काळ लागतो हे या कामातल्या माणसाला विचारा. त्या दुपारचा राग अजून गेलेला नाही.

माझी सहकारी त्याच आठवड्यात कामातून बाहेर पडली. “आपलं नाव या नकाशावर नको,” म्हणाली. मी थांबले. बाहेर पडले असते तर उरलेला अर्धाही गेला असता, याची मला खात्री होती आणि आजही आहे. मी नवा आराखडा काढून दिला: सगळे चर आधी उरलेल्या खळग्यात वळवले, सांडव्याची पातळी उचलून घेतली, भिंतीलगतच्या पट्ट्यात खडीच्या थरावर पाणी मुरू देणारी फरसबंदी घातली. याला कुणी शरणागती म्हणत असेल तर म्हणो. पण हेही सांगते, की जोराच्या पावसात तो अर्धा खळगा भरून वाहतो आणि पाणी भिंतीपर्यंत पोचतं. पूर्वीपेक्षा कमी पोचतं. पलीकडे राहणाऱ्याला ‘कमी’ने किती दिलासा मिळतो, हे मी ठरवू शकत नाही.

तेव्हापासून कुठल्याही कामात मी दोन हिशेब वेगळे ठेवते. नियमाला काय हवं, तो एक. नियम नसता तरी या जमिनीला काय लागलं असतं, तो दुसरा. परिपत्रकाने पहिला रद्द होतो. दुसरा खोडायचा असेल तर समोरच्याला मोजमाप घेऊन यावं लागतं. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा काढून 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. 2012 मध्ये ते काम पुरं झालं. त्याचे फोटो सगळे दाखवतात. मला त्यातली आधीची पायरी जास्त मोलाची वाटते. काँक्रीटशिवाय काठ टिकतील का, ही शंका रास्त होती, म्हणून उद्यानातल्याच एका बाजूच्या नाल्यावर काठ धरून ठेवण्याच्या निरनिराळ्या पद्धती आधी करून पाहिल्या. 2006 मध्ये जाहीर झालेलं सरकारचं धोरण पाठीशी होतंच, तरीही करून पाहिलं. असा पुरावा हाताशी असला की अधिकारी बदलला तरी बोलायला जागा राहते.

आणि देखभाल कोण करणार, हे मंजुरीच्या आधी लिहून घ्यायचं. 2010 मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी पूर व पाणी व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पावसाचं पाणी जागेवरच सांभाळणाऱ्या रचनांना मंजुरी देणारी स्थानिक यंत्रणा आहे, आणि एकाहून जास्त मालमत्तांसाठी केलेली रचना नियमात बसली तर ती ताब्यात घेण्याची जबाबदारीही त्याच यंत्रणेवर आहे. वेल्सने ती तरतूद जानेवारी 2019 मध्ये लागू केली. इंग्लंडमध्ये 2023 च्या सुरुवातीला सरकारने लागू करू म्हटलं, 2024 साल बोललं गेलं, आणि तेही गेलं. कायदा एकच. एका बाजूला चर कोण साफ करणार हे ठरलेलं, दुसऱ्या बाजूला दर प्रकल्पाला त्यावरून नवी घासाघीस.

धोरण आपल्या बाजूचं असतं तेव्हाही जिभेवर ताबा लागतो. चीनने 2015 मध्ये 16 शहरांत ‘स्पंज सिटी’चे, म्हणजे पावसाचं पाणी स्पंजसारखं शोषून धरणाऱ्या शहराचे, प्रयोग सुरू केले, मग इतर शहरांनीही त्यावर खर्च केला. 20 जुलै 2021 ला झेंगझोऊमध्ये एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर बुडालं. लगेच प्रश्न आला, मग स्पंजचा उपयोग काय? तेवढ्या पावसासाठी या रचना नसतातच. पण हे आधी, आकड्यानिशी, सांगितलेलं असावं लागतं. पूर ओसरल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

हे सगळं माझ्या पंचविशीतल्या मला मान्य झालं नसतं. ती म्हणाली असती, तू मोजमापं जमवत बसतेस आणि नियम दर वेळी थोडा सैल होत जातो, कारण ‘नाही’ म्हणणारं कुणी उरत नाही. तेव्हा मला वाटायचं, योग्य टक्केवारी एकदा कायद्यात बसली की काम झालं. आज तसं वाटत नाही. पण तिच्या पहिल्या म्हणण्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. माझी सहकारी आणि मी, आम्ही दोघी थांबलो असतो तर काय झालं असतं, आणि दोघी उठून गेलो असतो तर काय, यावर आमचा वाद अजून चालू आहे.

सध्या नव्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला आहे. शुल्क भरून सुटण्याची वाट त्यातही ठेवलेली आहे. मी लिहिते आहे की शुल्काची परवानगी देण्याआधी उताराच्या खालच्या बाजूला कोण राहतं याची मोजणी सक्तीची करा, आणि सोबत भिंतीवरच्या त्या रेघेचा नकाशा जोडते आहे. सहकारी लिहिते आहे की ही वाट पूर्ण बंद करा. तिने मला तिच्या पत्रावर सही मागितली आहे. मसुदा हातात घेतला की तिचं पटतं, त्या आवारातला उरलेला खळगा पाहिला की माझं. मुदत संपायच्या आत ठरवावं लागेल.