तुम्ही विचारलंत म्हणून: होएग्नरचं एवढं काय?

"म्युनिकमध्ये एवढी वर्षं राहून कौतुक कोणाचं, तर आयुष्यभर विरोधात बसलेल्या वकिलाचं?" घरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

विल्हेल्म होएग्नर आयुष्यभर विरोधात नव्हता हो. दोनदा बव्हेरियाचा (म्युनिक ज्याची राजधानी, त्या जर्मन राज्याचा) मुख्यमंत्री झाला, १९४५ मध्ये अमेरिकनांनी बसवला म्हणून आणि १९५४ मध्ये चार पक्षांची मोट बांधून. १९५७ मध्ये ती सुटली, तो विरोधी पक्षनेता झाला, आणि तेव्हापासून तिथे सीएसयू या उजव्या पक्षाशिवाय कोणाचा मुख्यमंत्री झालेला नाही. पण मी त्याच्यामागे लागले ती यासाठी नाही.

हा सरकारी वकील आमदार झाला आणि हिटलरच्या १९२३ च्या उठावाची चौकशी करणाऱ्या विधिमंडळाच्या समितीत बसून कागद उकरत राहिला. पुढे खासदार. २३ मार्च १९३३ ला बर्लिनच्या क्रोल ऑपेरात, जिथे तेव्हा संसद भरत होती, आजूबाजूला गणवेशातले एसएवाले (नाझी पक्षाची निमलष्करी माणसं) उभे असताना, हिटलरला सर्वाधिकार द्यायला त्याच्या पक्षाच्या, म्हणजे सोशल डेमोक्रॅट्सच्या, ज्या ९४ खासदारांनी 'नाही' म्हटलं, त्यात हा होता. इथपर्यंत सगळे माना डोलावतात.

आणि मग त्याच वर्षीचा १७ मे. हिटलरचं शांततेच्या गोडगोड गप्पांचं भाषण झालं आणि सभागृहात आलेले सोशल डेमोक्रॅट्स त्यावरच्या ठरावाला 'हो' म्हणाले. होएग्नरसुद्धा. मी इतकी वर्षं त्याचं वकीलपत्र घेतल्यासारखी सांगत आले, की अहो, हिटलरचा गृहमंत्री फ्रिक याने धमकावलं होतं, पक्षाची माणसं तुरुंगात नि छळछावण्यांत होती, त्यांच्या जिवाचा प्रश्न होता, तुम्ही काय केलं असतंत? हे सगळं खरंच आहे. पण त्यानेच नंतर लिहून ठेवलंय, की राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा काहींच्या गालांवरून अश्रू वाहत होते, एरवी वाया गेलेली पोरं म्हणून हिणवलेल्या आम्हाला जर्मनी नावाच्या आईने क्षणभर छातीशी धरल्यासारखं वाटलं. म्हणजे नुसती भीती नव्हती ना! त्यांना बरं वाटलं होतं! यावर काय बचाव करणार? आणि नसता लिहिला हा प्रसंग तर आपल्याला कळलं तरी असतं का, हेही आहेच.

जून संपायच्या आत पक्षावर बंदी, जुलैत हा ऑस्ट्रियात पळाला, तिथून स्वित्झर्लंड. परत येऊन १९४६ ची बव्हेरियाची राज्यघटना घडवली. तिच्या १४१ व्या कलमानुसार जंगलात फिरायला, स्थानिक रिवाजाइतकी रानफळं तोडायला कोणालाही मुभा आहे, म्हणजे तुम्ही इथे येऊन मश्रूम वेचता ना, ते त्याच्याच घटनेच्या जिवावर.

तेव्हा नावं ठेवायचीच तर १७ मेसाठी ठेवा, १९५७ साठी नको. त्यावर भांडायला मी केव्हाही तयार आहे, फक्त कोणत्या बाजूने ते अजून ठरत नाहीये.