सात मोटारी, चार पत्रं

खरेदी विभागात लागले तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं पहिलं पत्र तक्रारीचं होतं. यंत्रांत बसवायच्या 60 मोटारींची खेप आली होती आणि त्यातल्या 7 मोटारींचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, वाकलेले निघाले. "पुरवठादाराला एक पत्र टाकून दे," एवढं म्हणून साहेब मीटिंगला निघून गेले.

पत्रलेखनाचे मार्क शाळेत माझे कधी गेले नव्हते, त्यामुळे जोरात बसले. दीड पान झालं. ऑर्डर कधी दिली, माल येईपर्यंत किती फोन झाले, पेट्या उघडल्या तेव्हा गोदामात कोण कोण होतं, सगळं क्रमवार. 'सदरहू', 'उपरोक्त', 'निदर्शनास आणून देण्यात येत आहे की' असे शब्द मधूनमधून पेरले, कारण त्याशिवाय ऑफिसचं पत्र वाटेना. शेवटी 'योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर व्हावी, ही नम्र विनंती' आणि हाताच्या सवयीने 'कळावे, लोभ असावा'. वाकलेल्या शाफ्टच्या तक्रारीत लोभ कुठून आला, हे तेव्हा सुचलंही नाही.

दहा दिवस काही नाही. फोन केला तर पलीकडचा क्लार्क अगदी आदबीने म्हणाला, "मॅडम, पत्र मिळालं. साहेबांनी वाचलंही. पण तुम्हाला नक्की काय हवंय? मोटारी बदलून, दुरुस्त करून, की पैसे परत?"

मला उत्तर देता येईना. दीड पान लिहिताना मी स्वतःलाच हे विचारलं नव्हतं. साहेबांकडे गेले तर ते अर्ध्या मिनिटात म्हणाले, "बदलून. 5 जूनच्या आत, नाहीतर आपली पुढची जुळणी अडेल." म्हणजे पत्रात असायला हवी ती गोष्ट साहेबांच्या डोक्यात होती आणि मी गोदामातल्या माणसांची हजेरी लिहून बसले होते.

दुसरं पत्र रागात लिहिलं. 'आपल्या बेजबाबदार कारभारामुळे', 'अक्षम्य दिरंगाई', वगैरे. साहेबांना ते आवडलं. त्यांनी खाली 'प्रत: आमचे कायदा सल्लागार' अशी एक ओळही घालायला सांगितली. (ही 'प्रत' म्हणजेच ईमेलमधलं 'सीसी', कार्बन कॉपी. 1806 मध्ये राल्फ वेजवूडने कार्बन कागदाचं पेटंट घेतलं, तेव्हा त्या कागदाचा असाही उपयोग होईल असं त्याला वाटलं नसणार.) पत्र निघायच्या आत अकाउंट्सच्या मॅडमच्या हाती लागलं. त्यांनी तीस वर्षं पैसे मागण्याची पत्रं लिहिली होती. म्हणजे लोकांना सर्वांत नको असलेली पत्रं.

"अगं, हे उघडणार कोण?" त्यांनी विचारलं.

"त्यांचा क्लार्क."

"त्याने वाकवले का शाफ्ट?"

"नाही."

"मग हे घेऊन तो त्याच्या साहेबांसमोर कसा उभा राहील? 'सर, आपण बेजबाबदार आहोत' असं म्हणत? तो हे ट्रेमध्ये सर्वांत खाली ठेवणार. मीही तेच केलं असतं."

पत्र उघडणारा एक असतो आणि निर्णय घेणारा दुसरा, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पत्र हातोहात फिरतं. मधल्या माणसाला ते जसंच्या तसं पुढे सरकवता आलं पाहिजे. सोबत तोंडी खुलासा करावा लागला, की पत्र अडलंच. कायदा सल्लागारांच्या ओळीवर मॅडम एवढंच म्हणाल्या, की ते खरोखर येणार असतील त्या दिवशी लिही. साहेब जरा नाराज झाले, पण ती ओळ गेली.

तिसरं पत्र मॅडमच्या टेबलाशी बसून लिहिलं. विषयाच्या ओळीत मी 'मोटारींबाबत' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि 'खरेदी आदेश क्र. 118: 7 सदोष मोटारी बदलून मिळण्याबाबत' असं केलं. त्या ओळीवरूनच क्लार्कला कळतं, की कोणती फाइल काढायची आणि कुणाच्या टेबलावर न्यायची. त्याखाली संदर्भात चलनाचा क्रमांक, आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख. मग पहिल्याच वाक्यात मागणं: 60 पैकी 7 मोटारींचे शाफ्ट वाकलेले आहेत, त्या 5 जूनपर्यंत बदलून द्याव्यात. दुसऱ्या वाक्यात, मोटारींचे अनुक्रमांक आणि फोटो सोबत जोडले आहेत. तिसऱ्यात, या तारखेपर्यंत जमणार नसेल तर जमेल ती तारीख 25 मेपर्यंत कळवावी, म्हणजे आम्हाला जुळणीचं वेळापत्रक बदलता येईल. शेवटी वाहतुकीच्या खर्चाची एक ओळ.

तारखेवर पाच मिनिटं गेली. मी 05/06 लिहिलं होतं.

"हे 5 जून, की 6 मे?"

"6 मे उलटून गेला की मॅडम."

"तुला माहीत आहे. वर्षाने फाइल उघडणाऱ्याला?"

काही देशांत महिना आधी लिहितात, काहींत दिवस. 1988 साली आयएसओ 8601 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मॅडमचा उपाय त्याहून सोपा होता: महिना अक्षरात लिहायचा. 'लवकरात लवकर'ही त्यांनी खोडलं. आपलं लवकर आणि समोरच्याचं लवकर यांत पंधरा दिवसांचं अंतर सहज असतं.

माझी कुरकुर अशी, की हे फार कोरडं वाटतंय, दोन 'कृपया' आणि एक 'नम्र विनंती' तरी हवी. त्यांनी एक 'विनंती' राहू दिली. त्यांच्या मते त्या पत्रातला खरा आदब तिसऱ्या वाक्यात होता. जमत नसेल तर काय करायचं हेही आम्ही सांगितलं होतं, त्यामुळे समोरच्याला खोटं आश्वासन द्यायची गरज उरली नव्हती. मला हे तेव्हा अर्धंच पटलं. आता मी स्वतः अशी पत्रं उघडते, तेव्हा चार वेळा 'कृपया' असलेल्या पत्रात मागणं शोधताना त्यांची आठवण येते.

उत्तर चौथ्या दिवशी आलं आणि मोटारी 4 जूनला. सोबत एक बिलही होतं: 'ठरल्याप्रमाणे निम्मा वाहतूक खर्च'.

निम्मा? आम्ही तर स्पष्ट लिहिलं होतं. मी तावातावाने फोन लावला. तोच क्लार्क. त्याने आमचं पत्र मला वाचून दाखवलं: "'वाहतुकीचा खर्च आपण करावयाचा आहे.' आपण म्हणजे तुम्ही आणि आम्ही, दोघांनी. म्हणून निम्मा."

आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग पत्राची प्रत काढून पाहिली. मी 'आपण' लिहिलं ते आदराने, 'तुम्ही' या अर्थी. त्याने वाचलं ते 'चला, आपण जाऊ' मधलं. दोन्ही शुद्ध मराठी. शिवाय 'त्यांनी आपला खर्च कळवावा' यातला 'आपला' तिसराच, स्वतःचा. बोलताना आवाजावरून, समोरच्याकडे बघण्यावरून कळतं. कागदावर काहीच कळत नाही. तीस वर्षांच्या अनुभवी मॅडमच्या नजरेतूनही ते निसटलं होतं. तारखेवर पाच मिनिटं घालवणाऱ्या आम्ही दोघी 'आपण'वरून सरळ पुढे गेलो होतो.

चौथं पत्र मी एकटीने लिहिलं, पाच ओळींचं. मोटारी वेळेत मिळाल्या, आभार. आमच्या पत्रातलं खर्चाचं वाक्य संदिग्ध होतं, ती चूक आमची. माल सदोष असल्याने वाहतुकीचा पूर्ण खर्च पुरवठादाराने करावा, असं आम्हाला म्हणायचं होतं. खरेदी आदेशातलं कलम 9 तेच सांगतं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. तरी निम्म्या खर्चाचं बिल रद्द करावं, ही विनंती. साहेबांना 'चूक आमची' खटकलं. ते म्हणाले, लेखी कबुली कशाला द्यायची? मी म्हटलं, चूक वाक्याची कबूल केली आहे, खर्चाची नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचून सही केली.

आठवड्याने क्रेडिट नोट आली, सोबत त्यांचं पत्र. बिल रद्द केल्याचं पहिल्याच ओळीत. शेवटची ओळ अशी होती: 'यापुढे पेट्या उतरवताना आपण काळजी घ्यावी.'

मी फोन उचलला आणि त्याच क्लार्कला विचारलं, "आपण म्हणजे कोण?"