जाताना पंधरा तास, येताना सतरा

शाहूपुरीतल्या आमच्या विमान तिकिटांच्या ऑफिसात परवा एक काका आले ते खिशात टेप घेऊनच. भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले, सगळी हयात मोजणीत गेलेली. मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला, काका-काकूंना तिच्याकडे जायचं. मुंबईहून दुबईमार्गे किंवा सिंगापूरमार्गे, असे दोन पर्याय मी काढले. गिऱ्हाईक आधी भाडं विचारतं, मग बॅग किती किलो. काकांनी विचारलं, "अंतर किती?"

आणि भिंतीवरच्या नकाशाला टेप लावला. सपाट नकाशावर ते खरं निघत नाही, म्हणून मी पृथ्वीगोल काढून दोरा ताणला. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो, साधारण १३,०४० किलोमीटर. त्यात मुंबई-दुबईचे १,९३० धरायचे. सिंगापूरमार्गे हीच बेरीज १७,५०० च्या आसपास जाते.

"म्हणजे अडीच हजारांचा फेरा. कशाला?"

खरी गंमत इथंच आहे. सिंगापूरहून पुढचा टप्पा दुबईच्या टप्प्यापेक्षा साडेपाचशे किलोमीटरनं लांब, तरी जाताना तासभर कमी लागतो. पॅसिफिकवर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारं असतं, ते विमानाला मागून रेटतं. परतताना तेच तोंडावर येतं. जाताना पंधरा तास, येताना सतराच्या घरात.

"एकच बांध जाताना येगळा, येताना येगळा? आम्ही अशी मोजणी केली असती तर सस्पेंड केलं असतं!"

त्यात सिंगापूरचं तिकीट स्वस्त. भाडं किलोमीटरवर नाही, त्या मार्गावरची स्पर्धा आणि उरलेल्या सीटा बघून ठरतं, हे सांगितल्यावर तर संशय पक्काच झाला. "जमीन जास्त, पैसे कमी. कागदात खोट असणार."

काकूंचे गुडघे सुजलेले. दुबईहून सलग सोळा तासांपेक्षा सिंगापूरमार्गे साडेपाच आणि पंधरा त्यांना बरे पडले असते, असं माझं मत. मी त्यांना मुद्दाम विचारलं. "ह्यांनी मोजलंय न्हवं? मग झालं," म्हणाल्या.

तिकीट दुबईचंच निघालं, जास्त पैसे मोजून. व्हीलचेअरसाठी मी 'डब्ल्यूसीएचआर' हा कोड टाकला: जिना चढता येतो, लांब चालवत नाही. जिना चढता येत नसेल तर 'डब्ल्यूसीएचएस'. कितीतरी एजंट हा फरक न विचारताच काहीतरी टाकून मोकळे होतात, आणि धडधाकट माणसं रांग चुकवायला खुर्ची मागतात, मग खऱ्या गरजूंना ताटकळावं लागतं. काकूंना कडेची सीट दिली आहे, उठायला कुणाला ओलांडायला नको.

आमचा पोरगा म्हणतो, एवढ्या वेळात चार तिकिटं झाली असती. झाली असती. पण मार्ग बदलायचा तर किती पैसे भरावे लागतील, तेही मी काढून ठेवलंय. काकूंचा फोन अजून आलेला नाही.