पेटीची भोकं

नागपूरच्या मावशीचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "आंबे मिळाले रे," म्हणाली आणि थांबली. मावशी थांबली की समजायचं, पुढचं काही बरं नाही.

चूक माझीच. देवगडहून आलेली दोन डझनांची पुठ्ठ्याची पेटी होती, दोन्ही बाजूंना रुपयाएवढी गोल भोकं. वाटेत कुणी बोट घालेल, उंदीर तोंड घालेल, या काळजीनं मी ब्राउन टेपचा अख्खा रोल गुंडाळून एकूण एक भोक बुजवलं आणि पेटी कुरियरला दिली. मे महिन्यातले चार दिवस. मावशीनं पेटी उघडली तर आतून गरम वाफ आली आणि दारूसारखा वास. पुठ्ठा तळाशी ओला, आंबे काळे.

"श्वास कोंडला रे त्यांचा," ती म्हणाली. मला ती बोलायची पद्धत वाटली, पण ते अक्षरशः खरं निघालं. झाडावरून उतरवला म्हणून आंबा मरत नाही. तो प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, वाफ सोडतो, शिवाय ऊबही सोडतो. पिकायला लागला की इथिलीन नावाचा वायू सोडून शेजारच्यालाही घाई लावतो. भोकं बुजली की ही सगळी ऊब आणि वाफ आतच राहते, प्राणवायू संपतो आणि साखर आंबायला लागते. आंबा आंबतो, असं म्हणायची वेळ आपल्यावर आपणच आणायची.

लहानपणी पेट्या लाकडी असत. फळ्याफळ्यांमध्ये फटी, आत भाताचा पेंढा. एसटीच्या टपावरून उतरलेली पेटी आजोबांच्या पलंगाखाली जायची आणि दुपारी सगळे झोपले की आम्ही पालथे पडून फटीतून बोट घालायचो. पेंढा टोचायचा, मग गार, गुळगुळीत साल लागायची. दाबून बघायचं. टणक. आजीला झोपेतही कळायचं. "दाबलेला आंबा तुलाच देईन हो," ती डोळे न उघडता म्हणायची. फटी आपल्यासाठीच ठेवलेल्या असतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पुठ्ठ्याच्या पेटीचं भोक कोपऱ्याला चिकटून नसतं, हे आता नीट बघितल्यावर ध्यानात आलं. एकावर एक पेट्या रचल्या की भार पेलतात ते मुख्यतः उभे कोपरे. तिथं भोक पाडलं तर तळातली पेटी बसलीच.

तेव्हापासून मला जिथंतिथं भोकंच दिसतात. पेनाच्या टोपणाला वर भोक असतं, कारण पोरानं टोपण गिळलं आणि ते घशात अडकलं तरी थोडी हवा जावी. कुंडीच्या तळाला असतं, ते सगळ्यांना ठाऊक. पण तेलाचा पंधरा किलोचा डबा खरा शिकवणारा. एकाच कोपऱ्याला भोक पाडलं तर तेल आचके देत, गुटूक गुटूक करत येतं आणि ओट्यावर सांडतं. समोरच्या कोपऱ्याला दुसरं पाडा, की सरळ धार. तेल बाहेर यायचं तर तेवढी हवा आत जायला हवी. वाणी हे न बोलता करतो. मी ओटा पुसून शिकलो.

आणि आपली भाषा बघा. छिद्र म्हणजे दोषच, दुसऱ्याच्या चुका काढणारा तो छिद्रान्वेषी. कुंभार हसत असेल.

यंदा मावशीला पुन्हा पेटी पाठवली. टेप फक्त वरच्या जोडाला. चौथ्या दिवशी फोन.

"उघडलीस का?"

"नाही अजून. पण खिडकीकडच्या भोकातला तयार आहे."

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मी काही विचारलं नाही.