तुम्ही विचारलंत म्हणून: पाळकसाहेब असताना तुम्ही कशाला?

"सुवार्तेला, म्हणजे येशूची शुभवार्ता सांगायला, पाळकसाहेब (चर्चचे पाद्री) आहेत ना, मग तुम्ही कशाला हिंडता?" हा प्रश्न मला परक्यांपेक्षा आमच्या चर्चच्या मंडळीतलेच लोक जास्त विचारतात. विचारणारा बहुधा उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच चपला शोधणारा असतो, ते असो.

मी बोलणारी नाही. मी पेटी वाजवते. आमच्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी, रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही अभंग लिहिले, कीर्तनं केली. पण कीर्तनकारानं एकट्यानं उभं राहून भागतं का? मागे टाळ लागतात, धृपद उचलायला चार गळे लागतात. एकदा एका वस्तीवर आमचा तबलजी आलाच नाही. कीर्तनकारांनी तीनदा चाल धरली, तीनदा सुटली. शेवटी ज्यांच्या अंगणात बसलो होतो त्या घरातली आजी पितळी परात घेऊन आली आणि उपडी घालून तिच्यावरच ठेका धरला. त्या रात्री लोक शेवटपर्यंत बसले ते आजीमुळे, असं माझं मत. कीर्तनकारांना ते आजही पटत नाही.

मिझोरामच्या बायकांनी तर याची रीतच घालून दिली. १९१० पासून तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. 'बुहफाइ थाम' म्हणतात त्याला. घरोघरचा तांदूळ गोळा करायचा, विकायचा, आणि तो पैसा सुवार्तेच्या कामाला. चुलीपुढून न हलता त्या बायका मिशनमध्ये आहेत.

आणि हे पाळकांचंच काम म्हणत असाल, तर बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडा, आठवा अध्याय. येशूचा अनुयायी स्तेफन याला मारलं, यरुशलेमेत छळ सुरू झाला आणि प्रेषितांखेरीज, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांखेरीज, सगळ्यांची पांगापांग झाली. सुवार्ता सांगत गावोगाव फिरले ते हे पांगलेले. फिलिप्पासारखा एखादा सोडला तर त्यांची नावंही तिथं लिहिलेली नाहीत.

सगळ्यांनी सगळंच करावं, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्यातले एक भाऊ साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उभे राहिले की चहा दोनदा गार होतो. त्यांना आम्ही सतरंज्यांचं काम दिलंय, आणि ते झकास करतात.

येत्या शनिवारी राहुरीकडच्या वस्तीवर जायचंय. टाळांची एक जोडी रिकामी आहे. येताय का?