हळदीचे फोटो आणि व्हाइट बॅलन्स

हळदीच्या कार्यक्रमात कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर ठेवू नका, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोतले रंग जुळवायचं काम कॅमेऱ्यावर सोडू नका. पिवळा मांडव, पिवळी साडी, झेंडूच्या माळा, गालाला हळद. फ्रेमभर पिवळाच रंग. ऑटो समजतो की हा पिवळेपणा उजेडाचा आहे, आणि तो मारायला निळा मिसळतो. नवरीचा चेहरा राखाडी पडतो, हळद सुकलेल्या मुलतानी मातीसारखी दिसते. शिवाय क्लोजअपला एक रंग आणि रुंद फ्रेमला दुसरा, त्यामुळे अल्बम जुळवताना एकही पान शेजारच्या पानाशी बसत नाही.

म्हणून केल्विन मोड, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा आपणच द्यायचा. उघड्या अंगणात ऊन असेल तर ५२०० ते ५५००, इमारतीच्या सावलीत ७०००च्या आसपास, हॉलमध्ये पिवळे बल्ब असतील तर २८०० ते ३२००. इथे बरेच जण गोंधळतात. बल्बचा उजेड पिवळा, त्याचं केल्विन कमी. मग कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो आणखी पिवळा का होतो? कारण तो आकडा म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याला सांगता की उजेड एवढा निळा आहे. तो निळा काढायला कॅमेरा पिवळा घालतो.

आकडा किती हलवायचा हेही तो आधी किती आहे त्यावर ठरतं. ३०००चे ३३०० केले तर फरक लगेच दिसतो, ७०००चे ७३०० केले तर जवळजवळ कळत नाही.

खरी अडचण पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली येते. ऊन कापडातून गाळून येतं आणि माणसं मुळातच पिवळी दिसतात. तिथे ग्रे कार्डवरून (रंग मोजायचं राखाडी कार्ड) कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला तर त्वचा नीट येते, पण मांडवाचा उजळ पिवळा उडून जातो. अर्धाच पिवळा काढावा, असं माझं ठाम मत आहे. ५२०० वरून सुरू करा, ३००-३०० ने खाली या, आणि हळद लावायला घेतलेल्या आंब्याच्या पानाकडे बघा. पान निळसर वाटायला लागलं की एक पायरी परत वर. बहुतेक वेळा ४३०० ते ४६०० च्या मध्ये थांबता येतं. गालावरची हळद आणि त्याखालची त्वचा वेगळी दिसली पाहिजे. एक्स्पोजर ठरवताना आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख) लावा: पिवळ्यात लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे जास्त उजेडाने त्यातले बारकावे उडतात, म्हणून एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) कमी ठेवा.

पिवळ्या बल्बच्या हॉलमध्ये फ्लॅश मारायचा असेल तर त्यावर फुल सीटीओ जेल (फ्लॅशचा उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावा आणि कॅमेरा ३२०० वर ठेवा. जेल नसेल तर ३२०० वर चेहरे निळे पडतात, ५५०० वर मागचा हॉल नारिंगी होतो. स्वस्त एलईडी पट्ट्यांखाली त्वचा हिरवट दिसली तर केल्विन हलवून उपयोग नाही. व्हाइट बॅलन्स शिफ्टमध्ये मॅजेंटाकडे दोन-तीन घरं सरका.

कार्ड वापरायचंच असेल तर ते नवरीच्या चेहऱ्यापाशी, चेहऱ्याच्याच दिशेला धरा. फ्रेमचा मधला भाग त्याने भरा. कार्ड सपाट असल्याने ऑटोफोकस अडकतो, म्हणून मॅन्युअल फोकस. कार्डाचा फोटो जास्त उजळ झाला, एखादा चॅनल फुटला, तर मोजणी चुकते.

कार्डाच्या जागी आजोबांचं धोतर किंवा टोपी धरू नका. पांढऱ्या कपड्याला नीळ दिलेली असते; त्यावरून मोजलं की कॅमेरा ती नीळ काढायला जातो आणि सगळे फोटो पिवळे येतात. छपाईच्या पांढऱ्या कागदातही चमक आणणारी रसायनं असतात, तोही उन्हात निळसर असतो.

रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) शूट करत असाल तर रंग नंतर बदलता येतो, जेपेगमध्ये तो फोटोतच पक्का होऊन बसतो. तरी रॉ असतानाही अंगण, मांडव, हॉल अशा प्रत्येक जागी कार्ड धरलेली एक फ्रेम घ्या. नंतर एडिटिंग सॉफ्टवेअरमधला रंग मोजणारा ड्रॉपर त्यावर टेकवून त्या जागेच्या सगळ्या फोटोंना तेच सेटिंग देता येतं. मांडवाच्या फोटोंना मात्र तिथून पुन्हा थोडा पिवळा परत द्या.